आइनश्ट्युर्त्सेन्डे नॉयबाउटनचा 'कोलाप्स' (१९८१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कोलाप्स' कोणाचा, कधीचा?

पश्चिम बर्लिनच्या आइनश्ट्युर्त्सेन्डे नॉयबाउटन या गटाचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. हँबर्गच्या 'त्सिक त्साक' या छोट्या, स्वतंत्र कंपनीने तो १९८१ साली काढला. एका तबकडीवर तेरा रचना, पहिल्या बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा, सगळं मिळून साधारण ३४ मिनिटं. वाजवणारे तिघंच: ब्लिक्सा बार्गेल्ड, एन. यू. उनरू आणि एफ. एम. आइनहाइट. तिन्ही नावं स्वतःच घेतलेली, जन्माची नव्हेत. 'ब्लिक्सा' हा पेनाचा एक ब्रँड होता आणि 'बार्गेल्ड' म्हणजे रोकड. 'उनरू' म्हणजे अस्वस्थता, 'आइनहाइट' म्हणजे एकक.

एवढ्या लांबलचक नावाचा अर्थ काय? म्हणायचं कसं?

तोडून म्हटलं की सोपं जातं: आइन-श्ट्युर्त्सेन्-डे नॉय-बाउ-टन. अर्थ, 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'.

यातला 'नॉयबाउ' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण तो नुसता 'नवं बांधकाम' नाही. जुना वाडा आणि नवी बिल्डिंग असा भेद आपण करतो, तसाच तिथे आल्टबाउ आणि नॉयबाउ असा आहे. आल्टबाउ म्हणजे महायुद्धाआधीचं, उंच छताचं, जाड भिंतींचं घर. नॉयबाउ म्हणजे युद्धानंतर भराभर उभं केलेलं काँक्रीट. बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनमध्ये नॉयबाउ हा पुनर्बांधणीचा अभिमान होता. तोच कोसळतो आहे, असं या नावात म्हटलेलं आहे.

इमारत कोसळली म्हणून हे नाव ठेवलं, हे खरं का?

नाही. क्रम उलटा आहे. गटाचा पहिला कार्यक्रम १ एप्रिल १९८० ला बर्लिनच्या 'मून' क्लबमध्ये झाला, तेव्हाच हे नाव होतं. बर्लिनच्या काँग्रेसहाले या सभागृहाचं छत पडलं २१ मे १९८० ला, म्हणजे सात आठवड्यांनी. ही इमारत १९५७ साली अमेरिकेने दिलेली भेट. तिच्या वळणदार छतामुळे बर्लिनकर तिला 'गरोदर शिंपला' म्हणत. छताची बाहेरची कड तोलून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारांपर्यंत ओल पोचली, तारा गंजल्या आणि तेवीस वर्षांत तुटल्या. एक माणूस गेला. सभागृह पुन्हा बांधलं गेलं आणि आज तिथे जागतिक संस्कृतींचं केंद्र आहे. या घटनेने गटाच्या नावाला अचानक वजन आलं, पण नाव तिथून आलेलं नाही.

सुरुवातीपासून हे तिघंच होते का?

पहिल्या कार्यक्रमात बार्गेल्ड आणि उनरू यांच्याबरोबर गुडरुन गूट आणि बेआटे बार्टेल होत्या. दोघी लवकरच बाहेर पडल्या. गूट यांनी पुढे 'मलारिया!' हा गट उभा केला. आइनहाइट हँबर्गहून आला, तिथल्या 'आपव्हेर्ट्स' या गटातून. मार्क चुंग आणि अलेक्झांडर हाके यांची नावं पुढच्या अल्बमांमुळे परिचित असतात, म्हणून पुष्कळजण 'कोलाप्स'ही पाच जणांचा धरून चालतात. तो तिघांचा आहे, आणि ऐकताना ते कळतं: प्रत्येक आवाजाच्या बाजूला मोकळी जागा आहे.

ड्रमसेट का नाही?

पैसे नव्हते. उनरूने आपला ड्रमसेट विकला आणि भंगारातल्या व बांधकामावरच्या लोखंडातून दुसरा जमवला. पत्रे, पाइप, स्प्रिंगा, पिंपं, हातोडे, ड्रिल. पुढे लोक याला जाहीरनामा समजू लागले, पण मूळ कारण कडकी हेच होतं.

मात्र कडकी पुष्कळांना होती. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. पत्र्याला ड्रमची नक्कल करायला लावायची की पत्र्याला पत्रा म्हणूनच वाजू द्यायचं? या गटाने दुसरी वाट धरली. १ जून १९८० ला बार्गेल्ड आणि उनरू बर्लिनच्या शहरी महामार्गाच्या एका पुलाच्या पोटातल्या पोकळीत शिरले आणि पुलाच्याच लोखंडावर ठोकून 'श्टालमुझीक' (पोलादी संगीत) ही कॅसेट ध्वनिमुद्रित केली. 'कोलाप्स'मध्ये जे ऐकू येतं त्याचं बी तिथे आहे.

याला 'इंडस्ट्रियल' का म्हणतात? कारखान्यातला आवाज आहे म्हणून?

नाव लंडनहून आलं. थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ साली 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स' ही स्वतःची कंपनी काढली, आणि तिच्या आसपासच्या संगीताला ते नाव चिकटलं. त्यांचं काम मुख्यतः टेप, सिंथेसायझर आणि घरी बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं यांच्यावर चालायचं. नॉयबाउटनने त्या शब्दाला लोखंड दिलं. आज 'इंडस्ट्रियल' म्हटल्यावर घणाचा आवाज आठवतो, त्यात या अल्बमचा वाटा फार मोठा आहे.

हे संगीत कशावरून? नुसता गोंगाट नाही कशावरून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. उत्तर कानाने तपासता येतं.

'टान्त्स डेबिल' ही पहिली रचना लावा आणि फक्त लोखंडाच्या ठोक्यांकडे लक्ष द्या. ठोके पक्क्या लयीत आहेत, ते परत परत येतात, आणि आवाज व गिटार त्या आवर्तनावर येऊन आदळतात. लय सुटलेली नाही. सुटलेला आहे तो स्वर, आणि त्याचं कारण भौतिक आहे. ताणलेल्या तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला एक स्वर ऐकू येतो. मोकळ्या लोखंडी दांड्यातून मात्र मूळ कंपनाच्या २.७६ पट, ५.४० पट असे आडवेतिडवे उपस्वर निघतात. ते मिसळत नाहीत, शेजारी शेजारी उभे राहतात. म्हणून दांड्याचा 'सा' कोणता हे पटकन सांगता येत नाही. तबल्याला शाई लावतात ती नेमकी याच्या उलट कामासाठी: चामड्याचे विस्कळीत उपस्वर पूर्णांकी पटींजवळ आणायचे. मृदंग-तबल्याचं हे गुपित चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी उलगडून दाखवलं. शाई पुसून टाकली तर काय उरेल याची कल्पना करा. 'कोलाप्स' त्या जमिनीवर उभा आहे.

स्वर नाही म्हटल्यावर रचना कशाने बांधायची? ठोक्याचा कडकपणा, तो किती वेळ घुमतो, दोन ठोक्यांमधली शांतता आणि माणसाचा आवाज. बार्गेल्ड कुजबुजतो, बडबडतो, मग गळा फाटेपर्यंत किंचाळतो, आणि या पायऱ्या तो मोजून चढतो. शीर्षक-रचना 'कोलाप्स' सुमारे आठ मिनिटांची आहे: तीच जड, संथ नाडी पुन्हा पुन्हा, आणि तिच्यावर हळूहळू ताणत जाणारा आवाज. शब्दांचा आशय असा की आमच्या भटकंतीने शहरं उद्ध्वस्त होतात आणि कोसळायला आता फार वेळ उरलेला नाही. इतकी संयमाने बांधलेली आठ मिनिटं त्या वर्षीच्या रॉकमध्ये क्वचित सापडतील.

तेरा रचना कोणत्या? जर्मन येत नसेल तर अर्थ काय लावायचा?

पहिली बाजू: 'टान्त्स डेबिल' (मंदबुद्धी नाच), 'श्टे आउफ बर्लिन', 'नेगाटिफ नाइन' (नकारार्थी नाही), 'ऊ-हाफ्ट मुझाक', 'ड्राउसन इस्ट फाइंटलिश' (बाहेर शत्रुत्व आहे), 'ह्योरन मिट श्मेर्त्सन' (वेदनेसह ऐकणं) आणि 'जतेम'. दुसरी बाजू: 'कोलाप्स', 'झेनझुख्ट' (हुरहूर), 'फोर्म क्रीग' (युद्धाआधी), 'हिर्नझेगं' (मेंदूची करवत), 'आपश्टीग उंट त्सेरफाल' (उतरण आणि क्षय) आणि 'हेल्गा'.

दोन नावांत श्लेष आहे. 'श्टे आउफ' म्हणजे 'ऊठ'. पण बोलीत 'मी अमक्यावर श्टे आउफ' म्हणजे 'मला अमुक जाम आवडतं'. तेव्हा 'बर्लिन, ऊठ' आणि 'बर्लिनवर जीव आहे' असे दोन्ही अर्थ एका दमात येतात. रचनेची सुरुवात ड्रिलच्या आवाजाने होते, हे त्या प्रेमाच्या जातीला शोभतं. 'ऊ-हाफ्ट' म्हणजे खटल्याआधीची कोठडी आणि 'मुझाक' म्हणजे दुकानांत, लिफ्टमध्ये मागे चालू असतं ते गुळगुळीत संगीत. दोन्ही एकत्र वाचा.

'जतेम' हे सर्ज गेन्सबूर्गच्या प्रसिद्ध फ्रेंच प्रेमगीताचं रूप आहे, नावही उच्चाराप्रमाणे लिहिलेलं. दीड मिनिटात त्याचा सांगाडा होतो. 'फोर्म क्रीग' जेमतेम २० सेकंदांची आणि 'हेल्गा' त्याहून लहान. या दोन्ही 'अर्धवट राहिलेल्या' नाहीत. लांब रचनांमधले ते दचके आहेत.

पहिल्यांदा ऐकताना कुठून सुरुवात करावी?

बाजू पालटण्यासकट पूर्ण तबकडी क्रमाने ऐकणं उत्तम. तेवढा धीर नसेल तर 'श्टे आउफ बर्लिन', मग 'झेनझुख्ट', मग 'कोलाप्स'. 'जतेम'पासून सुरुवात करू नका, कारण मूळ गाणं कानात नसेल तर तिथे काय मोडलं आहे ते कळत नाही.

मोबाइलवर ऐकत असाल तर शफल बंद ठेवा. वीस सेकंदांच्या तुकड्याला अर्थ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रचनेमुळे आहे.

माझ्या फोनवर हे सगळं पातळ आणि कर्कश वाटतं. ध्वनिमुद्रण खराब आहे का?

ध्वनिमुद्रण खडबडीत आहे, पण पातळ नाही. फोनचा बोटाएवढा स्पीकर खालचे आवाज देऊच शकत नाही, त्यामुळे शीर्षक-रचनेची नाडी जवळजवळ गायब होते आणि वरचा खणखणाट तेवढा उरतो. कानावर बसणारा हेडफोन किंवा निदान पाच इंची स्पीकरची जोडी वापरा. बेस वाढवायचं बटण मात्र लावू नका. त्याने लोखंडाच्या ठोक्याची धार बोथट होते.

कानाला इजा होईल का?

अल्बममुळे नाही, आवाजाच्या पातळीमुळे होऊ शकते. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आधी शीर्षक-रचनेच्या शांत भागावर पातळी ठरवू नका, कारण तिथून पुढे किंकाळी येते. 'टान्त्स डेबिल'वर ठरवा आणि मग बटणाला हात लावू नका. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर पुढच्या वेळी पातळी बरीच खाली आणा.

आवरणातला फोटो कशाबद्दल आहे?

फोटोत तिघं बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमसमोर उभे आहेत आणि पुढे जमिनीवर त्यांची सगळी सामग्री ओळीने मांडली आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक गटाने १९६९ च्या 'उम्मागुम्मा' या अल्बमच्या मागच्या आवरणावर धावपट्टीवर आपली महागडी उपकरणं अशीच मांडली होती. इथे त्या जागी भंगार आहे, आणि मागे १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझी राजवटीने बांधलेलं दगडी स्टेडियम. हा फोटो मोठ्या आकारात पाहायलाच हवा. कोणत्या आवाजाचा उगम काय असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

काही सीडींवर तेरापेक्षा जास्त रचना कशा?

नंतरच्या काही सीडी आवृत्त्यांत त्याच काळातल्या इतर रचना मागे जोडल्या आहेत, त्यात 'काल्टे श्टेर्ने' (थंड तारे) या १९८१ च्या छोट्या तबकडीतल्याही आहेत. ऐकण्यासारख्या आहेत, पण अल्बम 'हेल्गा'ला संपतो. तिथे थांबा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पुढचं लावा. जुनी तबकडी विकत घेताना दोन्ही बाजूंचा शेवटचा भाग आधी वाजवून पाहा. आतल्या वळणांत सुई हळू सरकते, तीव्र आवाज तिथे सर्वात आधी झिजतो आणि या अल्बमवर तीव्र आवाजांना तोटा नाही.

असा आवाज स्वतः करून पाहायचा आहे. भंगारातून काय आणावं?

भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं, आणि लहान हातोडी बरोबर नेऊन ठोकून पाहू देतात. विकत घेण्याआधी प्रत्येक वस्तू दोरीला लटकवून ठोका. जमिनीवर पडलेलं लोखंड कधीच वाजत नाही.

एक इंची जीआय पाइप एक मीटर घ्या, आणि तशाच पाइपाचे ७१ आणि ५० सेंटिमीटरचे आणखी दोन तुकडे कापून घ्या. पाइपाचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. म्हणून निम्म्या लांबीचा तुकडा चौपट, म्हणजे दोन सप्तकं वर वाजतो, आणि ७१ सेंटिमीटरचा जवळजवळ एक सप्तक वर. ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा घ्या. तो कडक केलेला पोलाद असल्याने बराच वेळ घुमतो. बिडाचा जुना ब्रेक ड्रम घंटेजवळ जातो. शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग उभी टांगली तर ठोका तिच्यातून वरखाली धावत राहतो. शिवाय चार बाय दोन फुटांचा २२ गेजचा पत्रा: एका कडेला दोन भोकं पाडून टांगा, खालची कड धरून हलवा, गडगडाट मिळतो.

ठोकायला निदान तीन गोष्टी हव्यात: लोखंडी हातोडी, लाकडी मोगरी आणि रबरी हातोडा. टोक जितकं कडक तितका स्पर्शाचा क्षण लहान, आणि तितके वरचे उपस्वर जास्त जागे होतात. एकाच पाट्यातून तीन वाद्यं निघतात.

काय आणू नये?

बंद सिलिंडर, मग तो रिकामा का असेना. तेलाची, रसायनांची पिंपं. आत वाफ उरलेली असते आणि ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होतो. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ठोकल्यावर त्याची धूळ छातीत जाते. रंगाचे पापुद्रे सुटलेलं जुनं लोखंड घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तपासा. हातमोजे आणि चष्मा हे दोन्ही पहिल्या ठोक्यापासून लावा, कारण हातोडीच्या कडेची कपची डोळ्यातच उडते.

पाइप टांगला तरी 'थड' असाच आवाज येतो. चूक कुठे?

बहुतेक वेळा दोरी चुकीच्या जागी असते. मोकळा दांडा कंप पावतो तेव्हा त्याची दोन ठिकाणं जवळजवळ स्थिर राहतात: प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. एक मीटरच्या पाइपाला ही जागा टोकापासून २२.४ सेंटिमीटरवर येते, ७१ च्या तुकड्याला १५.९ वर, ५० च्या तुकड्याला ११.२ वर. दोरी टोकाला किंवा मधोमध बांधली तर जिथे पाइपाला सगळ्यात जास्त हलायचं असतं तिथेच तुम्ही त्याला धरून ठेवता. जागा खूण करून घ्या, पातळ नायलॉन दोरी घ्या आणि ठोका मधोमध मारा.

तरीही घुमत नसेल तर पाइपात माती किंवा गंजाचे थर असतील. आतून तार फिरवा. बारीक चीर असेल तर आवाज चिरकतो, त्यावर इलाज नाही. पण तो चिरकाच आवाज हवासा वाटला तर ठेवून द्या. या संगीतात तो दोष धरत नाहीत.

लोखंडाला लावायचा काँटॅक्ट माइक घरी कसा करायचा?

काँटॅक्ट माइक म्हणजे हवेतला आवाज न घेता वस्तूला टेकून तिचं कंपन पकडणारा माइक. सामान थोडकं आहे: २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती (कंपनाची वीज करणारी) एक, शील्ड असलेली एक-तारी केबल दोन मीटर, पाव इंची मोनो जॅक एक, थोडी तांब्याची पट्टी आणि इन्सुलेशन टेप.

केबलची आतली तार चकतीच्या मधल्या पांढऱ्या भागाला आणि बाहेरची जाळी पितळी कडेला लावा. झाळताना टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. पांढरा भाग सिरॅमिकचा असतो. तो जास्त तापला की त्याचं ध्रुवीकरण जातं आणि चकती मुकी होते. जोड थंड झाल्यावर त्यावर टेपचा एक थर, मग तांब्याची पट्टी गुंडाळून ती जाळीला जोडा, आणि वरून पुन्हा टेप. मधला थर राहिला तर पट्टी पांढऱ्या भागाला टेकते आणि आवाज येतच नाही. बाहेरची पट्टी राहिली तर ट्यूबलाइटची घरघर येते. दुसऱ्या टोकाला जॅकच्या टोकावर आतली तार, अंगावर जाळी.

लोखंडावर चकतीची पितळी बाजू टेकवून लहान क्लँपने घट्ट दाबा. दुहेरी चिकटपट्टीही चालते, पण ती वरचे आवाज खाते. चकती लटकवण्याच्या जागेजवळ लावू नका. तिथे कंपन कमी असतं. ठोक्याच्या जागेपासून हातभर दूर ठेवा.

माइक चालतो, पण आवाज डब्यातला येतो, खालचं काहीच नाही.

हा दोष माइकचा नाही, तो जिथे खुपसला आहे त्या सॉकेटचा आहे. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरॅड असते. मिक्सरच्या १० किलोओमच्या लाइन सॉकेटला ती जोडली की जवळजवळ ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे पाटा घुमतो तो भागच. तीच चकती एक मेगाओमच्या सॉकेटला जोडली तर ही सीमा ८ हर्ट्झवर जाते, म्हणजे काहीच हरवत नाही. गिटार ॲम्प्लिफायरचं इनपुट किंवा ऑडिओ इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचं) 'इन्स्ट्रुमेंट' बटण हेच काम करतं. लॅपटॉपच्या माइक सॉकेटचा नाद सोडा.

रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठोका फाटतो. आवाज कमी केला तर घुमणं ऐकू येत नाही.

लोखंडाच्या ठोक्याचा पहिला झटका काही सहस्रांश सेकंदांचाच असतो, पण मागच्या घुमण्याच्या कितीतरी पट मोठा. डोळ्याला दिसणारा मीटर तो पकडत नाही. तुमचा सगळ्यात जोराचा ठोका मारा आणि त्याचं शिखर -१२ डेसिबलच्या आसपास येईल असं गेन लावा. २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण करा, म्हणजे नंतर आवाज वाढवला तरी घुमण्याखाली खरखर येत नाही. काँटॅक्ट माइकवर थेट घण बसला तर चकती बरेच व्होल्ट फेकते आणि इंटरफेस जाऊ शकतो, ४.७ व्होल्टचे दोन झेनर डायोड विरुद्ध तोंडांनी एकामागे एक जोडून ते आतली तार आणि जाळी यांच्यात लावून टाका.

शिवाय ३० ते ५० सेंटिमीटरवर एक साधा डायनॅमिक माइक ठेवा. चकती लोखंडाच्या आतलं ऐकते, माइक खोलीतलं. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि मिसळताना ठरवा.

ड्रिल वापरायचं आहे.

ड्रिलचा स्वर त्याच्या फेऱ्यांवर चढतो-उतरतो, म्हणून वेग बदलणारा ट्रिगर असलेलंच घ्या. आधी मोकळं फिरवून त्याचं ध्वनिमुद्रण करा. मग पत्र्याला काँटॅक्ट माइक लावून टोक हलकेच टेकवा. भोक पाडायची गरज नाही. टोक थरथरत फिरलं की पत्रा स्वतः गातो. पत्रा क्लँपने बांधलेला हवा, नाहीतर तो फिरून हात कापतो. सैल बाही, मोकळे केस, ओढणी काही नको. वीज, पाणी आणि लोखंड एका खोलीत आणू नका.

शेजारी तक्रार करतात.

त्यांचं बरोबर असतं. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पाट्यावरचा घण जवळून सहज शंभरीच्या पुढे जातो. शेड, गॅरेज किंवा शेतावरची मोकळी जागा बघा. घरातच करायचं असेल तर वस्तूवर टॉवेल टाका, चकती लावा, बोटाने किंवा चमच्याने हळू वाजवा आणि हेडफोनवर ऐका. काँटॅक्ट माइकमधून चमचाही पुलासारखा ऐकू येतो, आणि बारीकसारीक लोखंड कसं बोलतं हे शिकायला तोच मार्ग चांगला.

स्वतःच्या कानात फोमची बोंडं घाला: चुरगाळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सारा, अर्धा मिनिट बोट टेकवून ठेवा. नुसती टेकवलेली बोंडं काहीच अडवत नाहीत.

'कोलाप्स'नंतर या गटाचं काय झालं?

दुसरा अल्बम 'त्साइशनुंगन डेस पात्सिएंटन ओ. टे.' १९८३ साली आला. ३ जानेवारी १९८४ ला लंडनच्या आयसीए या संस्थेत आवाज आणि यंत्रांचा एक कार्यक्रम झाला. त्यात रंगमंचच ड्रिलने फोडायला घेतला आणि तो मध्येच थांबवावा लागला. त्या प्रसंगाचा गाजावाजा इतका झाला की गटाच्या रचनांकडे दुर्लक्षच झालं, हे खेदाचं आहे. बार्गेल्ड १९८३ पासून २००३ पर्यंत गायक निक केव्हच्या 'बॅड सीड्स' या गटात गिटारही वाजवत होता. डेपेश मोड या इंग्लिश पॉप गटाच्या १९८३ च्या अल्बममध्ये लोखंडाचे नमुने ऐकू येतात, त्यामागेही नॉयबाउटनचा कार्यक्रम पाहिल्याचा परिणाम होता. गट २०२४ मध्येही नवा अल्बम घेऊन आला, आणि त्यात कुजबुज किंकाळीपेक्षा जास्त आहे.

'कोलाप्स'नंतर लगेच काय ऐकावं?

१९८५ चा 'हाल्बर मेन्श'. त्यात 'झेनझुख्ट' पुन्हा येते, नावापुढे 'त्सिटर्न्ड', म्हणजे थरथरत, हा शब्द जोडून. तोच मजकूर, चार वर्षांनी. आधी १९८१ ची सव्वा मिनिटाची ऐका, मग १९८५ ची, आणि दोन्हींत बार्गेल्ड श्वास कुठे घेतो तिकडे कान ठेवा.